अंकीय रंगीत मुद्रणातील प्रतिमागुणवत्ता

संगणकात अंकरूपाने साठविलेले रंगीत चित्र कागदावर उतरविताना त्यातील बारकावे, छटा आणि रंग यांपैकी काय किती राखावयाचे व कशाचा किती त्याग करावयाचा, हे मुद्रणयंत्राच्या ज्या नियंत्रणांनी ठरते, त्यांना प्रतिमागुणवत्तेची नियंत्रणे म्हणतात. घरगुती वा कार्यालयीन यंत्रावर ती ‘ड्राफ्ट’, ‘नॉर्मल’, ‘बेस्ट’ अशा दोन-तीन शब्दांत आटोपलेली दिसतात. या शब्दांमागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. पूर्वी ठसे करणारा कारागीर जे निर्णय डोळ्यांनी व अनुभवाने घेत असे, तेच निर्णय आता आज्ञावली घेते. निर्णयांचे स्वरूप फारसे पालटलेले नाही. ते घेणारा मात्र दिसेनासा झाला आहे.

मूळ अडचण : छापखान्यातील यंत्र कागदावर एका जागी शाई लावते किंवा लावत नाही. फिकट शाई व गडद शाई असा भेद ते सामान्यतः करू शकत नाही. छायाचित्रात मात्र पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत अखंड छटा असतात. या छटांचा आभास निर्माण करण्यासाठी चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत विभाजन करावे लागते. ठिपके पुरेसे बारीक असले, तर डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. शाई व कोरा कागद यांची सरासरी तेवढी दिसते. निरोगी डोळा सु. एक कोनीय मिनिटाइतके अंतर ओळखू शकतो. ३० सेंमी. अंतरावरून वाचताना हे अंतर सु. ०·०९ मिमी. भरते. गुणवत्तेचा सारा व्यवहार या मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे चालतो.

हाफटोन ठशांचा काळ : रंगीत चित्र थोड्या मूळ रंगांतून छापण्याची कल्पना याहून जुनी आहे. याकोप क्रिस्टोफ ल ब्लाँ याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी निळा, पिवळा व तांबडा अशा तीन पत्र्यांवरून चित्रे छापली आणि काही वेळा त्यांना काळ्या पत्र्याची जोड दिली. एकोणिसाव्या शतकातील रंगीत शिलामुद्रणात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा असे व तिच्यावरील ठिपके कारागीर हाताने काढी. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्यातील देवदेवतांची चित्रे याच पद्धतीने निघाली. तेथे गुणवत्ता वाढविणे म्हणजे शिळांची संख्या व कारागिराचे दिवस वाढविणे होय.

ठिपके पाडण्याचे काम प्रकाशाकडे सोपविण्याची सूचना इंग्रज शास्त्रज्ञ टॉलबट यांच्या १८५२ च्या पेटंटमध्ये आढळते. त्यासाठी त्यांनी जाळीदार कापड सुचविले होते. जर्मनीत गेओर्ख मायझेनबाख व अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्‌झ यांनी १८८० नंतरच्या दशकात ही रीत व्यवहारात आणली. फिलाडेल्फियातील मॅक्स व लूइस लेव्ही या बंधूंनी काचेवर समांतर रेषा कोरून, त्यांत काळे द्रव्य भरून आणि अशा दोन काचा काटकोनात चिकटवून अचूक जाळी (स्क्रीन) तयार केली. त्यानंतर हाफटोन ठसा ही छापखान्यांतील नित्याची बाब झाली. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदासाठी इंचाला ६५ ते ८५ रेषांची आणि गुळगुळीत कागदासाठी १३३ ते १५० रेषांची जाळी निवडीत. कागद पाहून जाळी निवडणे, हे गुणवत्तेचे पहिले नियंत्रण म्हणता येईल.

जाळी निवडली म्हणजे काम संपत नसे. जाळी व संवेदनशील काच यांमधील अंतर, भिंगाच्या छिद्राचा आकार आणि प्रकाशन देण्याचा काळ या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागत. त्या चुकल्या, तर गडद भाग शाईने बुजून जाई किंवा उजळ भागातील ठिपके नाहीसे होत. बहुतेक ठसेकार ही जुळणी अजमासाने करीत. ती गणिताने करता येईल, असे आग्रहाने मांडणाऱ्यांत कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. बंगाली बालसाहित्याचे जनक व चित्रपटदिग्दर्शक सत्यजित राय यांचे आजोबा म्हणून ते अधिक परिचित आहेत. तथापि मुद्रणाच्या इतिहासात त्यांचे नाव स्वतंत्रपणे यावयास हवे. लंडनच्या ‘पेनरोझ’ वार्षिकात १८९७ ते १९१२ या काळात त्यांचे हाफटोनवरील निबंध प्रसिद्ध झाले. जाळीतील प्रत्येक चौकोन हा एका सूचिछिद्र कॅमेऱ्यासारखे कार्य करतो व भिंगाच्या छिद्राची प्रतिमा काचेवर पाडतो, या कल्पनेवरून त्यांनी जाळीचे योग्य अंतर काढण्याचे नियम बसविले. चित्र लहानमोठे करताना कॅमेऱ्याची लांबी बदलते आणि तिच्याबरोबर जाळीचे अंतरही बदलावे लागते. ही जुळणी आपोआप व्हावी, याविषयीचा त्यांचा निबंध १९०१ चा आहे. एकाच ठशासाठी भिंगाची अनेक छिद्रे वापरण्याच्या पद्धतीवर त्यांनी पुढे लिहिले. युरोपातील सुसज्ज कार्यशाळांपासून दूर, कलकत्त्यात राहून त्यांनी हे केले. आजच्या यंत्रातील ‘स्वयंचलित’ नियंत्रणामागची भूमिका तीच आहे : कारागिराच्या हाताचा गुण नियमात बांधता येतो.

रंगांची भर : हिरवट निळी (सायन), जांभळट तांबडी (मॅजेंटा), पिवळी व काळी अशा चार शायांचे ठसे एकावर एक छापताना नवे प्रश्न उभे राहिले. चारही जाळ्या एकाच दिशेने ठेवल्यास ठिपक्यांच्या परस्परसंयोगाने कापडावरील लाटांसारखी नक्षी उमटते. ती टाळण्यासाठी काळी, सायन व मॅजेंटा यांच्या जाळ्या एकमेकींशी ३०° चा कोन करतील अशा ठेवतात. पिवळी डोळ्याला सर्वांत कमी जाणवत असल्यामुळे तिला उरलेला कोन मिळतो. काळ्या शाईला ४५° चा कोन देतात, कारण तिरप्या रांगेतील ठिपके डोळ्याला उभ्या-आडव्या रांगेतील ठिपक्यांपेक्षा कमी स्पष्ट दिसतात.

दुसरा प्रश्न शायांच्या अशुद्धतेचा होता. सायन शाईने केवळ तांबडा प्रकाश शोषावा अशी अपेक्षा असते, परंतु ती हिरवा व निळा प्रकाशही काही प्रमाणात शोषते. परिणामी निळा रंग जांभळा दिसतो व करडा रंग तपकिरीकडे झुकतो. हा दोष काढण्यासाठी ठसेकार निरनिराळ्या भागांतील ठिपके आम्लाने हाताने लहान करीत. शिवाय कागदात प्रकाश पसरत असल्यामुळे छापलेला ठिपका त्याच्या प्रत्यक्ष आकाराहून मोठा भासतो. यूल व नील्सन यांनी १९५१ मध्ये या परिणामाचे समीकरण दिले. शायांच्या ठिपक्यांपासून मिळणारा एकत्रित रंग सांगणारी समीकरणे नॉइगेबाउअर यांनी १९३७ सालीच मांडली होती. त्यांचा पूर्ण उपयोग मात्र संगणक हाती आल्यावर झाला.

इलेक्ट्रॉनीय क्रमवीक्षक : ईस्टमन कोडॅक कंपनीतील अलेक्झांडर मरी व रिचर्ड मोर्स यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, फिरत्या दंडगोलावरील चित्र बिंदूबिंदूने वाचून रंगदुरुस्तीची आकडेमोड विद्युत् मंडलांकडून करून घेणारे यंत्र आखले. पुढे जर्मनीतील कील येथील रूडोल्फ हेल यांची कंपनी व इंग्लंडमधील क्रॉसफील्ड या क्षेत्रात अग्रेसर झाल्या. १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी हेलच्या यंत्रांत लेसर शलाकांनी थेट फिल्मवर ठिपका घडविण्याची सोय झाली आणि काचेची जाळी निरुपयोगी ठरली. ठिपका आता अनेक सूक्ष्म बिंदू एकत्र रचून तयार होऊ लागला. ‘ठिपका’ व ‘बिंदू’ यांतील हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. यंत्र उमटविते तो बिंदू; अशा अनेक बिंदूंच्या चौकटीतून छटा दाखविणारा ठिपका बनतो. जाहिरातींत दिला जाणारा ‘इंचाला अमुक बिंदू’ हा आकडा पहिल्याचा असतो, दुसऱ्याचा नव्हे.

बिंदूंच्या चौरस जाळ्यावर १५° चा कोन नेमका बसत नाही. म्हणून हेल कंपनीने १५° ऐवजी ज्याची स्पर्शज्या (टॅन) एक-तृतीयांश येते असा १८·४° चा कोन योजिला. यातील तडजोड उघड होती. अडॉबी कंपनीने १९९० नंतर काढलेल्या ‘अ‍ॅक्युरेट स्क्रीन्स’ पद्धतीत अनेक ठिपक्यांचा एक मोठा गट धरून पारंपरिक कोनाच्या फार जवळ जाता आले.

संगणकातील पर्याय : ठिपक्यांची नियमित जाळी सोडूनही छटा दाखविता येतात. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये चित्रात हेतुपुरस्सर थोडा यादृच्छिक गोंधळ मिसळल्यास छटांमधील पायऱ्या दिसेनाशा होतात, हे दाखविले. कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी १९७३ मध्ये सीमामूल्यांचा असा कोष्टक-क्रम दिला की, त्यानुसार बिंदू भरत गेल्यास ते शक्य तितके विखुरलेले राहतात. (अंकीय कॅमेऱ्यातील रंगगाळण्यांची प्रसिद्ध मांडणीही याच बायर यांची.) १९७६ मध्ये रॉबर्ट फ्लॉइड व लूइस स्टाइनबर्ग यांनी त्रुटिप्रसारणाची रीत प्रसिद्ध केली. तीत एखादा बिंदू काळा किंवा पांढरा ठरविताना मूळ छटेशी जो फरक पडतो, तो टाकून न देता शेजारच्या अद्याप न ठरलेल्या चार बिंदूंत ७, ३, ५ व १ सोळांश अशा वाट्यांनी विभागून देतात. अशा रीतीने चूक नाहीशी होत नाही, ती डोळ्याला न जाणवेल अशा ठिकाणी सरकविली जाते. या रीतीने बारीक रेषा उत्तम उमटतात. परंतु सपाट फिकट भागांत कधीकधी अळ्यांसारख्या ओळी दिसतात. रॉबर्ट युलिच्‌नी यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात बिंदू अनियमित, तरीही सारख्या अंतरावर विखुरण्याची उपपत्ती स्पष्ट केली. १९९३ च्या सुमारास अ‍ॅग्फा व लिनोटाइप-हेल या कंपन्यांनी अशा विखुरलेल्या सूक्ष्म बिंदूंचे मुद्रण छापखान्यांसाठी आणले. कोनच नसल्याने लाटांची नक्षी त्यात उद्‌भवत नाही. मात्र सूक्ष्म बिंदू पत्र्यावर व यंत्रावर टिकविणे अनेक छापखान्यांना जड गेले.

लेसर मुद्रण व तीनशे बिंदूंचे गणित : १९८४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचे लेसरजेट व १९८५ मध्ये अ‍ॅपलचे लेसररायटर ही इंचाला ३०० बिंदूंची यंत्रे कार्यालयांत आली. अक्षरांसाठी ती समाधानकारक होती. छायाचित्रे मात्र त्यांवर ओबडधोबड निघत. कारण साधे आहे. ४५° कोनात इंचाला सु. ५३ ठिपके घ्यावयाचे, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला ३२ बिंदू येतात; म्हणजे कोऱ्या कागदासह केवळ ३३ छटा मिळतात. चेहऱ्यावरील किंवा आकाशातील हळुवार चढउतार एवढ्या छटांत बसत नाहीत व तेथे पट्टे दिसतात. छटा वाढविण्यासाठी ठिपक्याची चौकट मोठी करावी, तर ठिपकाच डोळ्याला खुपू लागतो. याउलट इंचाला २,४०० बिंदूंच्या यंत्रावर इंचाला १५० रेषांची जाळी घेतली, तर १६ × १६ म्हणजे २५६ बिंदू मिळतात आणि दोन्ही गरजा भागतात. बिंदूंचे भांडवल ठराविक असताना तीक्ष्णता हवी की छटा हव्यात, एवढीच निवड उरते. ‘टेक्स्ट’ व ‘फोटो’ ही दोन नियंत्रणे म्हणजे हीच निवड होय. मजकुरासाठी बारीक जाळी व थोड्या छटा, चित्रासाठी जाड जाळी व अधिक छटा अशी सोय त्यांत असते.

या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे बिंदूलाच निरनिराळे आकार देणे. १९९० च्या लेसरजेट-३ मध्ये अक्षरांच्या कडा सफाईदार करण्यासाठी तो वापरला गेला. बर्मिंगहॅम येथील १९९३ च्या मुद्रणप्रदर्शनात इंडिगो व झायकॉन यांची पत्र्यांविना रंगीत छपाई करणारी यंत्रे पुढे आली. त्यांपैकी झायकॉनमध्ये प्रत्येक बिंदूची गडदता कमीअधिक करता येत असे.

शाईफवारा मुद्रण : बिंदूंच्या आकड्याने गुणवत्ता मोजणे किती फसवे आहे, याचे उत्तम उदाहरण शाईफवारा (इंकजेट) यंत्रांच्या इतिहासात सापडते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील आयरिस कंपनीने स्वीडनमधील हेर्ट्‌स यांच्या तत्त्वावर यंत्रे बनविली. त्यांची विभेदनक्षमता इंचाला केवळ ३०० बिंदू होती, परंतु प्रत्येक बिंदूत किती सूक्ष्म थेंब टाकावयाचे हे बदलता येत असल्याने प्रत्येक बिंदूलाच अनेक छटा होत्या. छापखान्यातील नमुनाप्रती काढण्यासाठी बनविलेले हे यंत्र संगीतकार ग्रॅहॅम नॅश यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात कलाकृती छापण्यासाठी लावले, आणि संग्राहकांच्या पसंतीस उतरतील अशा प्रती त्यातून निघाल्या.

घरगुती बाजारात मात्र आकड्यांची चढाओढ सुरू झाली. एप्सनच्या १९९४ मधील यंत्राने इंचाला ७२० बिंदू दिले. त्यानंतर १,४४०, २,८८० व ५,७६० असे आकडे काही वर्षांच्या अंतराने झळकले. इंचाला ५,७६० म्हणजे दोन स्थानांत सु. ४·४ मायक्रोमीटर अंतर होय. ४ पिकोलिटरचा थेंब हवेत असतानाच सु. २० मायक्रोमीटर व्यासाचा असतो व कागदावर आणखी पसरतो. यावरून हे आकडे सुट्या बिंदूंचे नसून थेंब ठेवता येण्याजोग्या स्थानांचे आहेत, हे उघड आहे. खरी सुधारणा झाली ती थेंब लहान होण्याने आणि १९९६ नंतर फिकट सायन व फिकट मॅजेंटा अशा दोन शायांची भर पडल्याने. कपाळ, गाल व आकाश यांसारख्या उजळ भागांत गडद शाईचे विरळ बिंदू कणीदार दिसत; फिकट शाईचे दाट बिंदू तसे दिसत नाहीत. हॅफ्टोन ठसेकारालाही उजळ भागाचीच काळजी सर्वांत अधिक असे.

तीन शब्दांमागील व्यवहार : ‘ड्राफ्ट’ निवडल्यास यंत्र कमी थेंब टाकते, शाईधानी (हेड) दोन्ही दिशांनी चालवून एका फेरीत रुंद पट्टा भरते आणि काही थेंबांची स्थाने मोकळी सोडते. ‘बेस्ट’ निवडल्यास तोच पट्टा अनेक फेऱ्यांत, वेगवेगळ्या छिद्रांतून भरला जातो. त्यामुळे एखादे छिद्र बुजलेले असले, तरी त्याची पांढरी रेघ शेजारच्या फेऱ्यांत झाकली जाते. कित्येकदा या नियंत्रणाने चित्रातील बारकावा वाढत नाही, यंत्राचे दोष मात्र लपतात. जुन्या वा तुंबलेल्या यंत्रावर त्याचा गुण म्हणूनच अधिक दिसतो.

गुणवत्तेइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे नियंत्रण कागदाच्या प्रकाराचे आहे; ते बहुधा दुर्लक्षित राहते. चार शायांची टक्केवारी एकत्र धरल्यास लेपयुक्त कागद सु. ३०० टक्के व वृत्तपत्राचा कागद सु. २४० टक्के शाई झेलतो. साध्या कागदावर छापताना चकचकीत कागद निवडल्यास शाई तंतूंतून पसरते, गडद भाग बुजतात आणि कागद लाटांसारखा वाकतो. अशा वेळी ‘बेस्ट’मुळे छपाई बिघडते. तीन रंगीत शायांच्या समान भागातील करडा अंश काढून त्याजागी काळी शाई देण्याची रीत याच कारणाने रूढ झाली. तीत शाई वाचते व करडा रंगही स्थिर राहतो.

देवनागरी मजकूर रंगीत छापताना आणखी एक अडचण येते. इंचाला ६० रेषांच्या जाळीत एका ठिपक्याची चौकट सु. ०·४२ मिमी. असते. लहान टाइपातील शिरोरेषेची जाडी बहुधा याहून कमी भरते. अशी अक्षरे फिकट निळ्या किंवा करड्या रंगात छापल्यास शिरोरेषा ठिपक्यांची तुटक रांग बनते. अनुस्वार तर एखाद्या ठिपक्यात सापडतो किंवा दोन ठिपक्यांच्या मध्ये हरवतो. रोमन लिपीत सर्व अक्षरांना जोडणारी अशी आडवी रेषा नसल्याने हा दोष तेथे इतका ठळक होत नाही. मजकूर पूर्ण घनतेच्या एकाच शाईत, शक्यतो केवळ काळ्या शाईत ठेवणे हा यावरील साधा उपाय होय. चारही शाया मिसळून केलेल्या काळ्या रंगात रंगांची जुळणी किंचितही सरकली, तर अक्षरांभोवती रंगीत कडा दिसते.

रंगांचे एकसूत्रीकरण : पडद्यावरील रंग व कागदावरील रंग यांत फरक पडणे हे वादाचे जुने कारण आहे. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने ठरविलेल्या रंगमापनपद्धतीवर आधारलेले ‘लॅब’ हे रंगावकाश १९७६ मध्ये मान्य झाले. १९९३ मध्ये अडॉबी, अ‍ॅग्फा, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट यांसह आठ कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंग मंडळ स्थापिले. प्रत्येक यंत्राच्या रंगवर्तनाची एक सारणी ठेवून, एका यंत्रातील रंग मधल्या प्रमाण रंगावकाशातून दुसऱ्या यंत्रात न्यावयाचा, ही त्याची योजना होय. जो रंग शाईच्या आवाक्याबाहेर आहे त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यातही उरतोच. सर्व रंग प्रमाणात आकसून परस्परसंबंध राखावेत, की आवाक्यातील रंग जसेच्या तसे ठेवून बाहेरचे तेवढे कडेला आणावेत, हे वापरणाऱ्याने निवडावयाचे असते. छायाचित्रास बहुधा पहिला व बोधचिन्हास दुसरा मार्ग मानवतो. झेंडूचा केशरी रंग चार शायांत पुरता साधत नाही; तेथे कोणतेही नियंत्रण कामी येत नाही, केशरी शाईच लागते. [⟶ रंग; मुद्रण].

मोजमाप : छापील प्रतीची गुणवत्ता मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००१ मध्ये मानक १३६६० व त्याच्या जागी २०१२ मध्ये २४७९० हे मानक प्रसिद्ध केले. रेषेच्या कडेचा खडबडीतपणा, सपाट भागाचा कणीदारपणा व डागाळलेपणा यांसारखे गुणधर्म त्यांत मोजतात. ते किती असावेत हे मानक सांगत नाही. शाईच्या एका कुपीत किती पाने निघतात याच्या मोजणीसाठी २००६ च्या सुमारास निराळी मानके आली. त्यांनुसार चाचणी यंत्राच्या मूळ, म्हणजे उत्पादकाने बसवून दिलेल्या नियंत्रणांवर घेतात. वेष्टनावर छापलेला पानांचा आकडा त्यामुळे ‘नॉर्मल’ला किंवा तत्सम मूळ योजनेला लागू असतो; ‘बेस्ट’वर पूर्ण पानभर छायाचित्रे छापणाऱ्याला ती कुपी त्याच्या अंशमात्रच पुरते.